हस्तोद्योग आणि नगरवासी कष्टकरी भगिनी

वऱ्हाडातील कोरडवाहू शेती सर्वच हातांना बारमाही काम देत नाही. म्हणून आसेगावसारख्या गावांतून कित्येक कुटुंबे मुंबई-पुण्याच्या वाटेस लागली व तेथील झोपडवस्त्यांत स्थिरावली. निंदणी-वेचणी करणाऱ्या भगिनींना शहरात शेत उरले नाही. परंतु गोधडी शिवणारी बोटे त्यांच्याबरोबर गेलीच. या कौशल्यावर संसारास हातभार कसा लागेल, हा प्रश्न नवीन नाही. त्याचा इतिहास शतकाहून जुना असून तो पाहणे अगत्याचे आहे.

सन १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिडूमल यांच्या प्रयत्नाने मुंबईस सेवासदन स्थापन झाले. रमाबाई रानडे त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत. सन १९०९ मध्ये पुण्यासही सेवासदन उभे राहिले. तेथे स्त्रियांना शिवण, भरतकाम इत्यादींचे शिक्षण मिळू लागले. दानावर नव्हे, तर स्वकष्टावर उभे राहावे, ही त्यामागील दृष्टी होती. तथापि विद्या हाती आली तरी कापड कोठून आणावे व तयार माल कोणास विकावा, हे प्रश्न गरीब स्त्रीपुढे उरतातच.

त्यांचे एक उत्तर गिरगावात मिळाले. १५ मार्च १९५९ रोजी सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. हाच पुढे विख्यात झालेला लिज्जत पापड! भिजविलेले पीठ केंद्रातून घरी न्यावे, पापड लाटून परत आणावेत व मजुरी घ्यावी, अशी ही पद्धती. त्यामुळे लहानशा खोलीत, मुले सांभाळूनही काम होऊ शकते. विशेष म्हणजे लाटणारी स्त्री तेथे नोकर नसून संस्थेची भागीदार आहे.

दुसरे उत्तर गिरणगावातले. गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकारी व्याजाखाली पिचत होत्या. प्रेमाताई पुरव यांनी सन १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्याच वर्षी राज्य शासनाने महिला आर्थिक विकास महामंडळही स्थापन केले. पुढे बचत गटांचा प्रसार त्याच्याद्वारे झाला.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. केवळ शिवणयंत्र वाटल्याने दारिद्र्य हटत नाही. कच्चा माल, अल्प व्याजाचे भांडवल, हक्काची बाजारपेठ व नफ्यातील वाटा ही चारही अंगे जुळावी लागतात. त्यांतील एक जरी तुटले, तर व्यापारी नगावर तुटपुंजी मजुरी देतो आणि कष्टांचे मोल दुसऱ्याच्या पेटीत जाते.

म्हणून समाजबांधवांस नम्र विनंती, की शहरातील आपल्या मेळाव्यांत या भगिनींच्या हातच्या वस्तूंना एक विक्रीची जागा द्यावी, योग्य दाम रोख मोजावा व घासाघीस करू नये. सत्काराच्या श्रीफळापेक्षा विकल्या गेलेल्या गोधडीचे पैसे त्यांच्या चुलीस अधिक उपयोगी पडतील.