राजाराणीची जोडी आणि रिकामी चौकट

१७७९ सालची गोष्ट. अमेरिकेतले लोक इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढत होते. राजा नको म्हणून उठलेल्या याच लोकांच्या काँग्रेसने फ्रान्सच्या राजाला, सोळाव्या लुईला, विनंती केली की तुमचं चित्र आम्हाला पाठवा. तेही एकट्याचं नाही, राणीसकट.

आज वाचताना गंमत वाटते. पण फ्रान्सचा पैसा आणि आरमार त्यांच्या पाठीशी होतं, आणि दोन राज्यांची मैत्री पक्की झाली की राजाराणीची चित्रं भिंतीवर लावायची हा त्या काळचा रिवाज होता. चित्रं पुढे खरोखर आली, काँग्रेसच्या सभागृहात लागलीसुद्धा. १८१४ मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळलं, त्यानंतर मात्र त्यांचा पत्ता नाही.

या जोडचित्रांचे नियम ठरलेले असायचे. दोन्ही चित्रं एकाच मापाची, चौकटी सारख्या. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला बहुधा राजा, उजव्या हाताला राणी. म्हणजे राणी राजाच्या डावीकडे, आपल्याकडे वामांगी म्हणतात तशी. दोघं किंचित एकमेकांकडे वळलेली. व्हर्सायच्या चित्रशाळेत त्यांच्या नकला व्हायच्या आणि वकिलातींमध्ये, परक्या दरबारांत जायच्या. थोडक्यात, हे सरकारी काम होतं. गादीवर राजा आहे, शेजारी राणी आहे, वारस आहेत किंवा होतील, राज्य स्थिर आहे, एवढंच त्यातून सांगायचं असे.

नवराबायकोचं प्रत्यक्षात कसं चाललंय, याचा तिथे संबंध नव्हता. पंधराव्या लुईचंच बघा. १७२५ मध्ये लग्न झालं तेव्हा तो १५ वर्षांचा, मारी लेश्चिन्स्का २२ वर्षांची, पोलंडच्या पदच्युत राजाची मुलगी. दहा वर्षांत दहा मुलं झाली. पुढे राजाचं मन दुसरीकडे गेलं आणि १७४५ पासून मादाम द पोंपादूर दरबारात आली. तरीही १७४८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ला तूर या चित्रकाराची खडूने रंगवलेली दोन चित्रं लागली, चिलखतातला राजा आणि हातात पंखा घेतलेली राणी. पोंपादूरचा शब्द दरबारात कितीही चालो, राजाच्या जोडीची ती जागा राणीचीच.

आता मारी आंत्वानेत. १७७० चं तिचं लग्न म्हणजे ऑस्ट्रियाशी झालेल्या मैत्रीवरचा शिक्का. १७७८ मध्ये व्हिजे लब्रँ या तरुण चित्रकर्तीने तिचं मोठं चित्र केलं, व्हिएन्नाला आईकडे पाठवायला. त्यात राणी एकटीच उभी आहे, पण वर उंच चौथऱ्यावर राजाचा अर्धपुतळा आहे. नवरा शेजारी नसला तरी डोक्यावर आहेच!

पाच वर्षांनी, १७८३ च्या प्रदर्शनात, त्याच चित्रकर्तीने राणीला पांढऱ्या मलमलीच्या साध्या झग्यात आणि गवती टोपीत दाखवलं. ना मुकुट, ना दरबारी पोशाख, ना राजाची खूण. लोक खवळले. राणी आतल्या कपड्यांत बसलीय म्हणाले. देशातलं रेशीम सोडून परदेशी मलमल नेसते, असंही बोललं गेलं. चित्र काढून घ्यावं लागलं आणि त्या जागी रेशमी पोशाखातली राणी आली. खर्चिक कपडे घातले तर उधळी, साधे घातले तर निर्लज्ज! मला यात त्या बाईची कीव येते. पण लोकांचंही एक म्हणणं होतं. राणी ही राज्याची खूण आहे, तिने स्वतःच्या हौसेपुरतं राहू नये.

मग १७८७ मध्ये डाव बदलला. आता राणी आई म्हणून. लाल मखमली पोशाख, भोवती मुलं आणि एक रिकामा पाळणा. तिची धाकटी मुलगी सोफी त्याच वर्षी जूनमध्ये गेली होती, वर्षाचीही नव्हती. इतकं खरं दुःख त्या चित्रात आहे. पण तोवर तिजोरी रिकामी झाली होती आणि राणीचं नाव ‘मादाम तूट’ पडलं होतं. लोक काय करतील या धास्तीने प्रदर्शन सुरू झालं तेव्हा चित्र लावलंच नाही, नुसती चौकट लागली. ती पाहून कुणीतरी म्हणालं, ही बघा तूट! चित्रकर्तीनेच हे आपल्या आठवणींत नोंदवलंय.

सहा वर्षांनी, १७९३ मध्ये, जानेवारीत राजा आणि ऑक्टोबरात राणी गिलोटिनखाली गेली.

चित्र वाईट नव्हतं. आजही व्हर्सायला आहे, जरूर बघावं. पण पोशाख बदलला, मुलं शेजारी उभी केली, तरी हिशेब जुळत नव्हता आणि तो लोकांना कळत होता. सत्तेवर विश्वास असतो तोवर भिंतीवरची जोडी चालते. तो उडाला की लोक चित्राकडे बघत नाहीत, तिजोरीकडे बघतात.