धक्का नसलेलं बेट

आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या स्लायगोला गेलेला माणूस सहसा कवी येट्सच्या मागावर असतो. त्याने लंडनमध्ये बसून, घराची आठवण काढत लिहिलेली इनिसफ्रीवरची कविता 1890 साली छापून आली. ते बेट गिल नावाच्या तळ्यात आहे आणि तिथे बोटीने फेरफटका मारता येतो. आज मात्र आपण त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या बेटाबद्दल बोलूया. त्याचं नाव इनिशमरी.

इनिशमरी खुल्या अटलांटिकमध्ये आहे, किनाऱ्यापासून साधारण सहा-सात किलोमीटरवर. उन्हाळ्याच्या महिन्यांत मुलाघमोर बंदरातून छोट्या बोटी तिकडे जातात. हे मुलाघमोर आपल्याला वेगळ्याच कारणाने माहीत असतं. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची बोट 27 ऑगस्ट 1979 रोजी याच बंदराबाहेर आयआरएच्या बॉम्बने उडवली गेली. त्या हल्ल्यात ते आणि बोटीवरचे आणखी तिघे गेले, त्यात दोन किशोरवयीन मुलं होती.

इनिशमरीची ट्रिप हवेवर अवलंबून असते. समुद्र खवळलेला असेल तर बोटवाला सरळ नाही म्हणतो. कारण बेटावर धक्काच नाही. खडकांमधली एक नैसर्गिक खाच आहे, तिथे बोट टेकवायची आणि पाऊल जपून खडकावर टाकायचं. दुकान नाही, टॉयलेट नाही. पाणी आणि डबा आपला आपण न्यायचा.

वर चढलं की समोर येतो तो मठ. संत मोलाशने तो सहाव्या शतकात स्थापला, अशी परंपरा आहे. भोवती दगडावर दगड रचलेली, चुन्याशिवायची जाड भिंत, काही ठिकाणी चार मीटरहून उंच. आत छोटी प्रार्थनाघरं आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दगडी झोपड्या. 807 साली व्हायकिंगांनी हे बेट जाळल्याची नोंद जुन्या आयरिश बखरींत आहे. इथे भाविक एकेका स्थानाभोवती उजवीकडून फिरत, म्हणजे थेट आपली प्रदक्षिणाच! आणि कुणाला शाप द्यायचा असेल तर वेदीवरचे गोल दगड उलट्या दिशेने फिरवायचे. ही शापाच्या दगडांची गोष्ट इथे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकायला मिळते.

पण मठाच्या भिंतीबाहेर आणखी एक अवशेष आहे आणि फोटोंत तो फारसा दिसत नाही. ती आहे घरांची रांग: छप्परं गेलेली, भिंती उभ्या. तिचं वय शंभरेक वर्षांच्या आसपासचं. 1880 च्या दशकात या बेटावर शंभराच्या आसपास माणसं राहत होती. थोडी शेती, मासेमारी आणि पॉचीन, म्हणजे चोरून गाळलेली दारू, यांवर त्यांचं भागत असे. बेटावर शाळा होती, पण डॉक्टर नव्हता. वादळ लागलं की दिवसेंदिवस संपर्क तुटायचा. 12 नोव्हेंबर 1948 रोजी उरलेल्या 46 जणांनी बेट सोडलं. त्यांना समोरच्याच किनाऱ्यावर घरं मिळाली.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. 1880 साली सरकारने या मठाची डागडुजी केली, पडलेल्या भिंती उभ्या केल्या. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंच्या घरांसाठी पैसा आणि कारागीर समुद्र ओलांडून आले. 1891 मध्ये पश्चिम आयर्लंडच्या गरीब भागांसाठी खास मंडळ नेमलं गेलं आणि त्याने किनाऱ्यावर बरेच धक्के बांधले. पुढे 1922 मध्ये देश स्वतंत्र झाला. इनिशमरीला धक्का मात्र कधीच मिळाला नाही.

कोकणातल्या माणसाला धक्क्याची किंमत वेगळी सांगायला नको. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला तो बांधणाऱ्या माणसाचं नाव आजही आहे. धक्का असला की आजारी माणूस वेळेत डॉक्टरकडे पोहोचतो आणि मासळी ताजी असताना बाजारात जाते.

आपल्या घरापुरीचंच घ्या. गेटवेहून तासाभराची फेरी, अंतर साधारण दहा किलोमीटर, म्हणजे इनिशमरीपेक्षा जास्तच! तरी तिथे गाव टिकलं, कारण पाणी बंदरातलं, तुलनेने शांत. धक्का आहे आणि पर्यटकांची रोजची ये-जा आहे. पण तिथलीही क्रमवारी बघा. लेण्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला 1987 मध्ये. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तिथल्या तीन वस्त्यांना कायमची वीज मिळाली फेब्रुवारी 2018 मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा आणि समोर रात्रभर मुंबई झगमगत असायची.

म्हणजे दोन्हीकडे दगडांची सोय आधी झाली. घरापुरीत माणसांची सोय उशिरा का होईना पण झाली. इनिशमरीत ती होण्याआधीच माणसं संपली.

सगळा दोष एका धक्क्यावर टाकणंही बरोबर नाही. आयर्लंडची बेटं रिकामी होत होती, कारण तरुण मंडळी अमेरिकेला, इंग्लंडला, स्कॉटलंडला जात होती. बोट ओढायला आणि वल्हवायला तरणे हात लागतात. ते एका मर्यादेखाली गेले की मागे राहिलेल्यांना हट्टाने राहणंही जमत नाही. ग्रेट ब्लास्केट बेट 1953 साली असंच रिकामं झालं. म्हणून 1948 ची तारीख ही शेवटची तारीख आहे. बेट रिकामं व्हायला त्याआधी कितीतरी वर्षं सुरुवात झाली होती, एकेका पोराच्या जाण्याने.

हे वाचताना तुम्हाला फक्त गणपतीत उघडणारी कोकणातली घरं आठवली असतील. आपल्यापैकी बरेच जण अशाच घरांतून, किंवा त्याच्या पुढच्या पिढीच्या फ्लॅटमधून, इथवर आलोत. यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. इनिशमरीच्या पोरांनीही काही चूक केली नव्हती. पण गाव ‘ओस पडलं’ असं आपण म्हणतो तेव्हा ते आपोआप पडलं असं वाटतं. प्रत्यक्षात पैसा कुठे खर्च करायचा, धक्का कुणाला द्यायचा, हे कोणीतरी ठरवलेलं असतं.

तेव्हा हवा चांगली असेल आणि बोट मिळाली तर जरूर जा. शापाचे दगड बघा, मठ बघा. मग बोट परत निघायच्या आधी अर्धा तास त्या बिनछपराच्या घरांसाठी ठेवा. चुलीची जागा अजून ओळखू येते.