नवी मुंबईत चांगला पिझ्झा कुठे मिळेल? ऑर्डर करण्याआधी हे तपासा

वाशीपासून खारघरपर्यंत नवी मुंबईच्या जवळपास प्रत्येक नोडमध्ये आज पिझ्झा मिळतो. पण पैसे वसूल होतील असा पिझ्झा हवा असेल, तर दुकानाच्या नावासोबत ओव्हन, अंतर आणि चीज या तीन गोष्टी पाहायला हव्यात.

कोणत्या भागात काय?

वाशी स्टेशनजवळचे रघुलीला आणि इनऑर्बिट मॉल किंवा सीवूड्स-दारावे स्टेशनवरचा नेक्सस मॉल लोकलने येणाऱ्यांसाठी सोयीचे आहेत. मॉलमध्ये मोठ्या साखळ्यांचा भर असतो, त्यामुळे चव ओळखीची मिळते. निवांत बसून खायचं असेल तर वाशीचं सेक्टर १७ आणि सीबीडी बेलापूरचं सेक्टर १५ इथे रेस्टॉरंट आणि कॅफेंची गर्दी आहे. खारघरमध्ये कॉलेजच्या मुलांच्या खिशाला परवडणारी छोटी दुकानं सापडतात.

ओव्हनने काय फरक पडतो?

नेपल्स पद्धतीचा पिझ्झा साधारण ४३० ते ४८० अंश सेल्सिअसला ६० ते ९० सेकंदांत भाजतो. कडा फुगलेल्या, त्यावर काळे ठिपके आणि मधला भाग मऊ, ही त्याची ओळख. तो कच्चा राहिलेला नसतो. मात्र डब्यात वाफ कोंडली की तो चिवट होतो, म्हणून तो तिथेच बसून खावा. साखळी दुकानांत सहसा सरकत्या पट्ट्याच्या ओव्हनमध्ये कमी तापमानावर काही मिनिटं भाजतात. असा जाड पॅन पिझ्झा घरी येईपर्यंत त्या मानाने बरा टिकतो. घरी मागवताना शक्यतो आपल्याच नोडमधलं दुकान निवडा.

चीज खरं आहे का?

काही ठिकाणी दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल वापरलेलं 'चीज अ‍ॅनालॉग' घातलं जातं. ते विकायला बंदी नाही, पण नियमानुसार त्याला 'चीज' म्हणता येत नाही. वितळल्यावर नुसतं बघून फरक कळणं अवघड असतं. त्यामुळे 'मोझरेला कोणत्या कंपनीचं?' असं सरळ विचारा. शक्य असेल तर पाकिटावरचे घटक बघा.

बिलावर काय बघाल?

१ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थांच्या बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. १० किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या साखळ्यांना मेन्यूवर कॅलरीही द्याव्या लागतात. चीजबद्दल फसवणूक झाल्याचा संशय असेल तर बिल जपून ठेवा. एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपवर तक्रार करता येते आणि तिथे हाच क्रमांक कामी येतो.

नव्या ठिकाणी पहिल्यांदा जात असाल तर साधा मार्गारिटा मागवा. त्यात पाव, सॉस आणि चीज एवढंच असतं. टॉपिंगखाली काही लपत नाही.