अशोक : चंडाशोक की धर्माशोक?

अशोक : (कारकीर्द सु. इ.स.पू. २६८–२३२). मौर्य सम्राट, चंद्रगुप्ताचा नातू व बिंदुसाराचा पुत्र. तो क्रूर होता की उदारचेता, या वादात त्याने स्वतः कोरविलेले लेख आणि काही शतकांनंतर रचलेले बौद्ध ग्रंथ एकाच पंक्तीत बसवले जातात. त्यांचे प्रामाण्य सारखे नाही.

क्रौर्याच्या बहुतेक कथा ग्रंथांतून आल्या आहेत. महावंसानुसार त्याने नव्व्याण्णव भावांना मारून गादी मिळवली. अशोकावदानात यातनागृह आणि तिथला गिरिक हा जल्लाद येतो. त्याच्या बौद्ध धर्मांतराचे तेज वाढावे म्हणून आधीचा काळ अधिक काळा रंगवणे या रचनाकारांच्या सोयीचे होते. पाचव्या शिलालेखात राजाच्या भावाबहिणींच्या अंतःपुरांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्ममहामात्र या अधिकाऱ्यांचा उल्लेख आहे. सरसकट भ्रातृहत्येच्या कथेशी तो जुळत नाही. अशोकावदानात धर्मांतरानंतरही पुंड्रवर्धनात आजीविक पंथाच्या अठरा हजार लोकांची कत्तल घडते. प्रत्यक्षात बिहारमधील बराबर टेकड्यांतील गुहा त्याने आजीविकांनाच दान दिल्याचे तिथले लेख सांगतात.

कलिंगावरील युद्धाचे मात्र तसे नाही. तिथला साक्षीदार आरोपी स्वतःच आहे. अभिषेकानंतर आठ वर्षांनी झालेल्या या युद्धात दीड लाख लोक देशोधडीला लागले, एक लाख मारले गेले आणि त्याच्या कितीतरी पट प्राणास मुकले, असे तेराव्या शिलालेखात तो नोंदवतो व त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त करतो. विजेत्याने आपल्या विजयातील मृतांचा आकडा दुःखाने दगडावर कोरावा, हे प्राचीन जगात फार दुर्मिळ आहे.

तरीही हा पश्चात्ताप राजाचा होता, संन्याशाचा नव्हे. कलिंग त्याने परत केले नाही. त्याच लेखात अटवीतील (अरण्यातील) रहिवाशांना, पश्चात्ताप झाला तरी आपल्या हाती शिक्षेचे सामर्थ्य आहे, अशी समज दिली आहे. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे खुद्द कलिंगातील धौली व जौगड येथे तेरावा लेख कोरलेलाच नाही. ज्यांची माणसे गेली त्यांच्यासमोर राजाची कबुली आली नाही. त्याऐवजी तिथे दोन स्वतंत्र लेख आहेत. सर्व प्रजा आपल्या अपत्यांसारखी आहे, असे त्यांत तो म्हणतो; विनाकारण कैद व छळ होऊ नये म्हणून महामात्रांना (वरिष्ठ अधिकाऱ्यांना) कडक शब्दांत बजावतो आणि तपासासाठी दर पाच वर्षांनी सौम्य स्वभावाचा अधिकारी फिरतीवर पाठवण्याचे ठरवतो. त्याच्या उदारपणाचा पुरावा पश्चात्तापाच्या शब्दांपेक्षा या कारभारी तरतुदींत अधिक भक्कम आहे.

त्याच्या बदललेल्या आचरणाची नोंद महाराष्ट्रातही मिळते. सोपारा येथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. शिकारीच्या विहारयात्रा सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचे हा लेख सांगतो.

आधुनिक अभ्यासात रोमिला थापर यांनी १९६१ च्या ग्रंथात त्याच्या धम्माकडे, म्हणजे त्याने लेखांतून सांगितलेल्या नीतिधर्माकडे, विशाल साम्राज्य एकत्र राखण्याचे धोरण म्हणूनही पाहिले. त्यामुळे पश्चात्ताप खोटा ठरत नाही. राज्यकर्त्याचा हेतू आणि हित एकाच दिशेने जाऊ शकतात. देहदंड मात्र त्याने रद्द केला नाही. चौथ्या स्तंभलेखानुसार मृत्युदंड झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत मिळे; तेवढ्यात नातलगांनी शिक्षेचा फेरविचार करवून घ्यावा, नाहीतर कैद्याने परलोकासाठी दान वा उपवास करावा, अशी ती सोय होती.