वैनगंगेकाठून मराठी कथेची कुळकथा

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द या गावाचे नाव आज सर्वतोमुखी झाले आहे ते वैनगंगेवरील धरणामुळे. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली, त्या धरणाच्या जलाशयाखाली परिसरातील कित्येक गावठाणे गेली. परंतु याच नदीच्या काठी, प्रवाहाच्या वरच्या अंगास वसलेले भंडारा हे गाव मराठी गद्याच्या पहिल्या थोर ग्रंथात आपले स्थान राखून आहे. आणि म्हणून मराठी कथेचे कूळ शोधू निघालेल्याने पुण्या-मुंबईच्या मासिकांपाशी मुक्काम न करता थेट या मुलखापर्यंत मागे यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तो ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्या परिभ्रमणकाळात भंडाऱ्यास त्यांची भेट होऊन जो त्यांच्या मागे निघाला, तो निळभट भांडारेकार या ग्रंथात आपल्या गावाच्या नावानेच अजरामर झाला. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ऋद्धिपुरास या आठवणींची जुळणी केली, तेव्हा ज्याने जे प्रत्यक्ष पाहिले वा ऐकले त्याच्याकडे स्वतः जाऊन त्याची जबानी घ्यावी, पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यापुढे तिची रुजवात घालावी आणि मगच ती लेखनात आणावी, अशी वहिवाट त्यांनी पाडली. पुढे मूळ पोथी नष्ट होऊन पाठ असलेल्या मजकुरावरून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला, तेव्हा जिथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथे एकाची खोडून दुसऱ्याची ठेवण्याऐवजी दोन्ही त्या त्या सांगणाऱ्याच्या नावासह नोंदल्या गेल्या. स्थळाचा निर्देश, दोन-चार वाक्यांत उभा राहणारा प्रसंग, माणसांचे त्यांच्याच तोंडचे बोलणे आणि बोलणे संपताच संपणारी लीळा, एवढाच तिचा ऐवज. परंतु शब्दांचा हा संयम आजही कोणत्याही कथाकाराने गुरुस्थानी मानावा अशा योग्यतेचा आहे. केसोबासांच्या दृष्टांतपाठात तर सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी रचनाच ठरून गेली, आणि तत्त्वासाठी योजलेल्या गोष्टीला स्वतःचा घाट प्राप्त झाला.

मधल्या शतकांत आख्याने, बखरी आणि व्रतांच्या कहाण्या यांनी गोष्टीची भूक भागवली. छापखाना आला तो उसन्या गोष्टी घेऊन: बंगालमधील श्रीरामपुरास 1814 मध्ये सिंहासनबत्तिशी छापली गेली, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी इंग्रजीच्या वाटेने मराठीत आणल्या.

आधुनिक कथेचा जन्म मात्र नियतकालिकाच्या घरचा. हरि नारायण आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ सुरू केले, आणि कादंबरीची प्रकरणे क्रमशः वाचणाऱ्या गृहस्थाश्रमी वाचकाला एका अंकात आरंभून त्याच अंकात पुरी होणारी स्फुट गोष्टही त्यांनीच दिली. दुष्काळाने पिचलेल्या कुटुंबाची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही त्यांची गोष्ट वाचताना, अद्भुताचा आधार न घेता केवळ भाकरीच्या अभावावर कथा उभी राहू शकते, हे मराठीला प्रथमच एवढ्या तीव्रतेने कळले असावे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 1895 साली निघालेल्या ‘मनोरंजन’ने आणि त्यात सातत्याने लिहिणाऱ्या वि. सी. गुर्जरांनी या गोष्टीला लोकप्रियता दिली. दिवाकर कृष्णांनी तिला मनाच्या आत नेले. पुढे ना. सी. फडक्यांनी 1931 च्या ‘प्रतिभासाधना’त तंत्राची चौकट सिद्ध केली. तिचा उपयोग झाला, पण तिचा जाचही झाला. तो झुगारून नवकथा आली, आणि 1963 मध्ये बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ या संग्रहाने कथेच्या दाराशी ताटकळत ठेवलेला समाज आत आणला. नागपूर जिल्ह्यातील नरखेडच्या वामन चोरघड्यांनी मात्र या साऱ्या धामधुमीत सांगण्याचा मृदू स्वर सोडला नाही, याबद्दल विदर्भाने त्यांचे ऋण मानावे.

कथेचे हे दुहेरी कूळ, अर्धे मुखातले आणि अर्धे मासिकातले, एकट्या मराठीचे नव्हे. दूर मोरोक्कोत, जिथे मराकेशच्या चौकात कथेकऱ्याभोवती श्रोत्यांचे कडे आजवर जमत आले आहे, तिथे वयाच्या विशीपर्यंत निरक्षर राहिलेल्या मुहम्मद शुक्रीची कथा 1966 मध्ये बैरूतच्या ‘अल-आदाब’ मासिकाने छापली. गावकट्ट्यावरच्या गोष्टीला साहित्याचा दाखला मिळतो तो बहुधा अशा एखाद्या संपादकाच्या दृष्टीमुळे.

इकडे वैनगंगेकाठच्या झाडीपट्टीतही धानाची कापणी-मळणी आटोपली की दंडारीच्या, म्हणजे लोकनाट्याच्या, रात्री येत. सोंगे येत, गाणी होत, आणि विडी पेटवण्यापुरता थांबून म्हातारा पुन्हा गोष्टीचा धागा धरी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला प्रतिष्ठा मिळवून दिली, हे मोठेच कार्य होय. परंतु धरणाने गावे उठली तेव्हा एका ओसरीवरचे श्रोते वेगवेगळ्या पुनर्वसन वसाहतींत पांगले. सरकारी तजविजीत घर, जमीन, विहीर, झाड यांचा तपशील लागतो आणि त्याप्रमाणे मोबदलाही ठरतो; गोष्टीचा पंचनामा करण्याचे कलम मात्र कोणत्याही कायद्यात नसते.

भंडारा आणि पवनीच्या शिक्षकांना व दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे की, या वसाहतींतील वृद्धांच्या गोष्टी त्यांच्याच बोलीत, सांगणाऱ्याच्या आणि बुडालेल्या गावाच्या नावासह, यंदाच्याच हंगामात लिहून घ्याव्यात. आणि दोघांचे सांगणे जुळले नाही, तर म्हाइंभटांच्या परंपरेप्रमाणे दोन्ही छापावे.