मोहालीचा संगणक आणि त्याची बदलती भाषा

चंदीगडला लागून असलेल्या मोहालीचे नाव निघाले की क्रिकेटचे मैदान आठवते. परंतु भारतीय संगणकाच्या इतिहासातही या नगरीला स्थान आहे, हे पुढच्या पिढीस सांगावे असे आम्हांस वाटते.

१९८४ साली केंद्र सरकारने शाळांतील संगणक-साक्षरतेसाठी ‘क्लास’ प्रकल्प हाती घेतला. त्याकरिता ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ निवडला गेला. पुढे तो परवान्याने मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीत तयार होऊ लागला.

या यंत्राची कार्यस्मृती अवघी ३२ किलोबाइट. कळ दाबताच ‘बेसिक’ ही भाषा सेवेस हजर होई. कारण १६ किलोबाइटच्या एका रॉम चिपमध्ये ती कायमची कोरलेली असे. मात्र ही चिप खोबणीत बसवलेली असल्याने झाकण उघडून जुनी काढावी आणि नवी बसवावी, एवढ्यानेच भाषेची सुधारणा होई.

सोफी विल्सन यांनी रचलेल्या या बेसिकची पहिली आवृत्ती १९८१ ची, दुसरी १९८२ ची. यंत्र सुरू करताच ‘रिपोर्ट’ ही आज्ञा दिली की स्वामित्वहक्काचे साल उमटे आणि आत कोणती आवृत्ती आहे ते कळे. पहिलीत ‘ओपनइन’ने उघडलेल्या फाइलीत वाचन व लेखन दोन्ही करता येई. दुसरीत ती आज्ञा केवळ वाचनापुरती उरली आणि दोन्हींसाठी ‘ओपनअप’ आली.

मग जुन्या प्रोग्रॅमांचे काय? यंत्र आज्ञांचे शब्द न साठवता त्यांचे संकेतांक साठवी. जुना संकेतांक ‘ओपनअप’ला देण्यात आला, ‘ओपनइन’ला नवा. त्यामुळे साठवलेला जुना प्रोग्रॅम नव्या चिपवर पाहिला तर शब्द बदललेला दिसे, काम मात्र पूर्वीचेच होई. उलट छापील पुस्तकातून जुना शब्द जसाच्या तसा टंकणाऱ्याची फसगत होई.

फेब्रुवारी १९८९ मधील आगीत मोहालीचा चिप-निर्मितीचा कारखाना भस्मसात झाला. संस्था पुन्हा उभी राहिली, पण मधली मोलाची वर्षे देशाच्या हातून निसटली.

परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या मराठीतही शब्द बदलत आहेत. त्यांमागचा अर्थ पोहोचता करण्याचे काम मात्र आपलेच आहे.