बांगलादेशातील टोर्नेडो, १९८९

बांगलादेशातील मानिकगंज जिल्ह्यातील दौलतपूर व सातुरिया परिसराला २६ एप्रिल १९८९ रोजी सायंकाळी टोर्नेडोचा तडाखा बसला. त्यात सुमारे १,३०० जण मृत्युमुखी पडले, तर १२,००० जखमी झाले. जगातील हा सर्वाधिक प्राणघातक टोर्नेडो मानला जातो. तत्पूर्वी हा परिसर अवर्षणग्रस्त होता.

एप्रिलमध्ये बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या दमट हवेवर पश्चिमेकडील कोरडी हवा पसरते व ‘कालबैसाखी’ ही गडगडाटी वादळे उठतात. उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा बदलत गेल्यास ढगात भोवरा निर्माण होतो. क्वचित तो जमिनीपर्यंत उतरतो. चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी देता येते. टोर्नेडोबाबत जेमतेम काही मिनिटेच मिळतात. त्यामुळे कच्च्या घरांच्या दाट वस्तीत मोठी जीवितहानी होते.